‘मूल झालं की आपोआप सुटतं’ हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: लग्नानंतर संबंध जमत नसतील तर बायकोच्या मनात नवरा नाही, थोडा जोर करावा, आणि मूल झालं की सगळं आपोआप सुटतं. तिन्ही गोष्टी चूक आहेत, मधली तर घातक.

यामागे व्हजायनिस्मस नावाचा त्रास असू शकतो. काही आत जाणार या नुसत्या शंकेनेही योनीभोवतीचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळतात. डोळ्यासमोर अचानक बोट आलं की पापणी मिटते, तितकंच हे बाईच्या हाताबाहेरचं. नवऱ्यावर प्रेम असतं, इच्छाही असते. काहींना तर टॅम्पॉन (पाळीत योनीत ठेवायचा कापसाचा बोळा) किंवा डॉक्टरांची तपासणीही सहन होत नाही. तिथे नवऱ्याचा संबंध कुठे आला?

जोर केला की दुखतं, दुखलं की भीती वाढते आणि पुढच्या वेळी स्नायू आणखी घट्ट होतात. बाळंतपणानेही हे जातंच असं नाही. उलट काहींना त्रास त्यानंतरच सुरू होतो.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून जंतुसंसर्ग, कोरडेपणा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) अशी दुखण्याची दुसरी कारणं तपासून घ्यावीत. तपासणी नको वाटली तर थांबवायला सांगता येतं. मग पेल्व्हिक फ्लोअर फिजिओथेरपी (ओटीपोटाच्या तळाच्या याच स्नायूंचे उपचार), समुपदेशन आणि सगळ्यात लहान मापापासून सुरू होणारे डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत कांड्या, वंगण लावून, तिच्या गतीने. नुसते आवळण्याचे कीगल व्यायाम मनाने करू नयेत; इथे स्नायू सैल सोडायला शिकायचं असतं. बहुतेकींना उपचारांनी चांगला फरक पडतो. तोवर आत्याबाईंनी ‘गोड बातमी कधी?’ विचारणं थांबवलं तर बरं.