खालच्या थराला हमाली म्हणणाऱ्यांसाठी

गोपाळकाला जवळ आला की आमच्या ठाण्याच्या शाळेच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊ, गोविंदांना सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के कोट्यात घेऊ असं जाहीर केलं, तेव्हापासून हे चालूच आहे. यंदा एकाने लिहिलं की वर चढणाऱ्या पोराला एक वेळ खेळाडू म्हणू, पण खालच्या थरात नुसतं उभं राहायला कसलं आलंय कौशल्य, ती हमाली आहे. त्यावर लगेच लाईकच्या अंगठ्यांची रांग.

डोकंच फिरलं माझं. कोट्याचं बाजूला ठेवा, वर्षानुवर्षं एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरांचा राग मला समजतो. पण हमाली?

मी राहतो फिलाडेल्फियाजवळ. इथे सकाळी वावा नावाच्या दुकानात कॉफीच्या रांगेत अजूनही कोणीतरी ६२ नंबरची हिरवी जर्सी घालून उभा असतो. हा ६२ नंबर जेसन केल्सीचा. ईगल्सकडून, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमकडून, १३ सीझन खेळला आणि या सगळ्या काळात त्याचं काम काय, तर बॉल दोन पायांमधून मागे द्यायचा आणि समोरून येणाऱ्या दीडशे किलोच्या माणसाला अडवायचं. तो सेंटर. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन जण, असे पाच जण मिळून ऑफेन्सिव्ह लाईन. या पाचांना नियमाने पुढे फेकलेला पास झेलताच येत नाही, रेफरीला आधी सांगून ठेवलं तरच. म्हणजे टचडाऊन (यातला गोल म्हणा) दुसऱ्याचा, फोटो दुसऱ्याचा, आणि स्टेडियमभर यांचा नंबर घुमतो तो रेफरीचा पिवळा फ्लॅग पडला की, कारण होल्डिंग केलं, म्हणजे समोरच्याला धरून ठेवलं, आणि टीमला दहा यार्ड मागे नेलं. खालच्या थरातल्या माणसाचं याहून काय वेगळं असतं सांगा. थर कोसळले की सगळे विचारतात खाली कोण हलला, हंडी फुटली की त्याला विचारतो कोण?

आणि कौशल्याचं म्हणाल तर केल्सीला सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिपसुद्धा नव्हती. रनिंग बॅक म्हणून, म्हणजे बॉल घेऊन पळायला आला, मग बचावातला लाईनबॅकर, मग लाईनवर. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात तिथे, सहाव्या राऊंडला, १९१ वा. सेंटर म्हणून अंगाने लहान असं सगळ्यांचं मत. पण बॉल हलायच्या आधी समोरच्या अकरा जणांकडे बघून कोण कुठून घुसणार हे ओळखायचं, डावी-उजवीकडच्यांना ओरडून सांगायचं आणि मग स्वतः धावत पुढे जाऊन तिसऱ्यालाच आडवा करायचा, यात त्याचा हात धरणारे फार थोडे. २०१२ मध्ये दुसऱ्याच मॅचला गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि सीझन गेला. तोच माणूस पुढे लागोपाठ १५६ मॅचेस सुरुवातीपासून मैदानात. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, पेट्रियट्सना ४१-३३ हरवलं तेव्हा पास टाकणारा क्वार्टरबॅक निक फोल्स एकदाही सॅक झाला नाही, म्हणजे बॉल हातात असताना पाडला गेला नाही. एमव्हीपी, म्हणजे सामनावीर, फोल्सच झाला, बरोबरच आहे, पण तो पास टाकेपर्यंत उभा कोणामुळे राहिला? मार्च २०२४ मध्ये केल्सीने रिटायरमेंट जाहीर केली, बाह्या कापलेला टी-शर्ट घालून अर्धा तासाहून जास्त बोलला आणि जवळजवळ पूर्ण वेळ रडला. माझ्या ऑफिसात लोक मीटिंग म्यूट करून ते बघत होते.

त्याच लाईनमधला जॉर्डन मायलाटा बघा. सिडनीत वाढलेला, सामोअन आई-वडिलांचा मुलगा, रग्बी लीग खेळायचा. २०१८ मध्ये ईगल्सनी घेतलं तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच खेळलेली नव्हती. नुसतं उभं राहायचं असतं तर उंची आणि वजन बघून दुसऱ्या दिवशी उभा केला असता ना? पण पहिल्या दोन सीझनमध्ये, थोडं पाठीच्या दुखण्यामुळेही, तो लीगच्या एकाही मॅचला मैदानात उतरला नाही. पाऊल किती टाकायचं, हात कुठे लावायचा, कंबर किती खाली, हे लाईनचे तेव्हाचे कोच जेफ स्टाउटलंड यांनी पहिल्यापासून शिकवलं. टीव्हीवर खेळाडू आपापल्या कॉलेजचं नाव सांगतात तिथे मायलाटा सांगतो, जेफ स्टाउटलंड युनिव्हर्सिटी. आमच्याकडे गुरुपौर्णिमेपासून रात्री सराव करणाऱ्या पथकात हेच चालतं. हाताची पकड कशी, मान कुठे, वरचा चढताना श्वास कधी धरायचा. मी दोन वर्षं दुसऱ्या थरात होतो, मला हे वाचून कळलेलं नाही.

हे ग्रुपवर टाकल्यावर उत्तर आलं ते माईक वेबस्टरच्या बातमीची लिंक. पिट्सबर्गच्या टीमचा सेंटर, चार सुपर बोल जिंकलेला, हॉल ऑफ फेम, आणि २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला, डोकं आपटून आपटून मेंदूची वाट लागलेली. तुझ्या अमेरिकेने त्याचं काय केलं, असा प्रश्न. खरं आहे, त्याचे शेवटचे दिवस वाचवत नाहीत. पण वेबस्टरच्या मेंदूची तपासणी झाली, त्यावरून एनएफएलला, म्हणजे या फुटबॉलच्या लीगला, कोर्टात खेचलं गेलं, माजी खेळाडूंना पैसे मोजावे लागले. आज तीन सीझन भरले की पेन्शनचा हक्क लागतो, खेळाडूंची युनियन आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये गोविंदा गेला तर दहा लाख असं ठरलं, चांगलंच झालं, पण खालच्या थरात पाठीचा मणका कायमचा दुखावलेला माणूस पस्तिशीत काय करतो हे कोण विचारतं? त्याला हमाल म्हटलं की विचारायची गरजच उरत नाही.

मग शेवटी ठेवणीतलं वाक्य आलंच: तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.

हे लागलं मला. खरं सांगायचं तर दहीहंडीच्या दिवशी सकाळी इथे मी कामाला लागलेलो असतो आणि दुसऱ्या स्क्रीनवर ठाण्याचं लाईव्ह चालू असतं, आवाज बंद करून. इथल्या कोणाला ते काय आहे सांगायला गेलो की ओ वाव म्हणतात आणि विषय संपतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्स परत सुपर बोल जिंकले, परेडला मी ब्रॉड स्ट्रीटवर लेकीला खांद्यावर घेऊन उभा होतो, शेजारच्या अनोळखी आजोबांनी मिठी मारली, गो बर्ड्स म्हणाले (ईगल्सवाल्यांची घोषणा), मी पण म्हणालो, कोणी विचारलं नाही तू कुठला. ज्या ग्रुपवर सगळे मला सहावीपासून ओळखतात तिथे मात्र माझं बोलणं एनआरआयचं ठरतं. पण लाईनकडे बघायला मला फिलाडेल्फियाने शिकवलेलं नाही. पहिली मॅच बघितली तेव्हा सगळे बॉलकडे बघत होते आणि माझी नजर आपोआप त्या पाच जणांच्या पायांकडे गेली, आणि ती सवय ठाण्याच्या नौपाड्यातली आहे, ती मी तिकडूनच आणलीय.

त्यामुळे कोट्यावर काय भांडायचं ते भांडा. कोटा द्यायचाच असेल तर पथकांनी थराप्रमाणे नावांची नोंद ठेवावी आणि पहिला अर्ज खालच्या थराचा घ्यावा, हे मी ग्रुपवर लिहिलंय आणि पुढच्या वर्षीही लिहिणार, इथे बसूनच.