किनारा सातबाऱ्यावर येत नाही, मामा

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला आणि जेवणाआधीच कोथरूडच्या मामांचा फोन: "वाचलंस का? समोरची वाळूपण आपलीच की!" मामा दापोली तालुक्यात समुद्राकाठी अकरा गुंठे घ्यायला निघालेत, फक्त बयाणा द्यायचा बाकी आहे. फॉरवर्ड सांगतो की, प्लॉट समुद्राला लागून असेल तर पाण्यापर्यंतचा किनारा मालकाचा. तिथं मासे सुकवणारे अतिक्रमण करतात, त्यांना हाकला. बारा वर्षं कुंपण टिकलं की वाळू नावावर. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, फक्त मोठ्या हॉटेलांना. हाच मजकूर महिन्याभरात मला चौथ्यांदा आलाय, म्हणून आता लिहितोच.

पाण्यापर्यंत मालकी? साफ खोटं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० वाचा. भरतीच्या खुणेखालचा समुद्राचा तळ सरकारचा आहे. ओहोटीला उघडी पडणारी, आपण अनवाणी चालतो ती वाळू त्यातच येते. एजंट 'प्रायव्हेट बीच' म्हणून जे विकतोय, ते त्याचं नाहीच.

सगळ्यात संतापजनक मुद्दा मासे सुकवणाऱ्यांचा. गेल्या महिन्यात मामांबरोबर ताम्हिणीमार्गे तो प्लॉट बघायला मीही गेलो होतो. शेजारच्या प्लॉटवाल्याने सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार थेट सुरूच्या झाडांपलीकडे, वाळूत नेली आहे. एक बाई जवळ्याची पाटी डोक्यावर घेऊन आली, पाटी खाली ठेवली, काठीने खालची तार उचलून धरली, पाटी पलीकडे सरकवली आणि मग स्वतः वाकून गेली. पदर तारेत अडकला, तो सोडवताना आमच्याकडे बघितलंही नाही. त्या वाळूवर तिच्या घरचे कधीपासून जवळा वाळत घालत असतील! आणि पुण्यात बसून कुणीतरी लिहितो, "हाकला". सीआरझेडच्या अधिसूचनेत ना-विकास क्षेत्रातसुद्धा, म्हणजे जिथं नवी बांधकामं सहसा करता येत नाहीत तिथंही, मासे वाळवायच्या जागांना मुभा आहे. अतिक्रमण कुणाचं, ते तार बघून ठरवा.

आता गोव्याचं प्रकरण, कारण किनाऱ्यावर जायच्या वाटेवरचा लोकांचा हक्क 'कोर्टात टिकत नाही' असंही फॉरवर्डमध्ये लिहिलंय. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट एका मोठ्या हॉटेलाच्या वाढीव बांधकामाने अडली. जमीन मिळवताना सरकारशी झालेल्या करारात वाट मोकळी ठेवायची अट होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि वाढीव भाग पाडायला सांगितला. पुढे गोवा सरकारने कायदा बदलून इमारत वाचवली, हेही खरं. पण इमारत वाचवायला कायदाच बदलावा लागला, यातच सगळं आलं. त्याआधी १९९६ च्या कमलनाथ प्रकरणात याच न्यायालयाने सांगितलं होतं की समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगलं ही सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असतात.

बारा वर्षांचा मुद्दा दोन ओळींत संपतो. ती मुदत खासगी मालकाविरुद्धची, सरकारविरुद्ध तीस वर्षांची. आणि सरकारच्या ताब्यातल्या किनाऱ्यावरचं अतिक्रमण जिल्हाधिकारी त्याच महसूल संहितेच्या कलम ५० खाली हटवू शकतो.

सीआरझेड फक्त हॉटेलांना? नाही. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत ते ५० मीटरवर आणलं. मामांच्या अकरा गुंठ्यांवर बंगला होईल की नाही, हेच त्यावर ठरणार.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. कुणाच्याही माडाच्या बागेतून वाटेल तिथून चालत जायचा हक्क आपल्याला नाही. वाट नकाशावर असेल, सरकारी अटीत असेल किंवा वर्षानुवर्षांची वहिवाट असेल, तरच ती मागता येते. अशी जुनी वाट अडवली, तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दाद मागता येते. फॉरवर्डमधलं एवढं अर्धं खरं, बाकी नाही.

मामा, बयाणा देण्याआधी किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात त्या गट नंबरावर भरतीरेषा कुठे आहे ते बघू. येत्या शनिवारी पुन्हा जाऊ. जवळा वाळत घालणाऱ्या त्या बाईला विचारू, तार लावायच्या आधी वाट कुठून जायची.