गिरणी सुटल्यावर

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी मेथीच्या वाफ्यात उकिडवी बसले होते. श्टुटगार्टमध्ये शनिवारचे सकाळचे अकरा, म्हणजे पुण्यात दुपारचे अडीच. तो हिंजवडीत, सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात होता. "ताई, याही वीकेंडला रिलीज आहे," म्हणाला. मग कामाच्या तासांवरून आमचा दोन वर्षांपासूनचा वाद पुन्हा सुरू झाला.

नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं, तेव्हापासूनचा हा वाद. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष 90 तासांपर्यंत गेले. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असंही त्यांनी विचारलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची कामाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि दुकानं-आस्थापनांत नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा पाळायची आणि जादा तासांचा मोबदला द्यायचा, असं सरकार सांगतं. पण बारा तास साच्याशी उभं राहिलेल्या माणसाची संध्याकाळ त्या मोबदल्यात परत येत नाही.

भावाचं म्हणणं ठरलेलं असतं. "तिकडचे लोक आधीच श्रीमंत आहेत, त्यांना परवडतं. आपल्याला अजून वर यायचंय." हे मी हसण्यावारी नेत नाही. घराचे हप्ते त्याच्या डोक्यावर आहेत. ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे मिळतात म्हणून स्वतःहून जादा पाळी मागणारे कामगार मी चाकणला पाहिले आहेत. त्यांना मोकळ्या वेळाचं महत्त्व मी कोणत्या तोंडाने सांगू?

तरीही भावाचा हिशेब मला पटत नाही. आधी श्रीमंती आणि मग सुटी, असा क्रम इथेही नव्हता. जर्मनीत आठ तासांचा दिवस आला तो नोव्हेंबर 1918 मध्ये. तेव्हा देश युद्ध हरलेला होता, कैसर पळून गेला होता आणि शहरांत खायचे वांधे होते. पुढे पाच वर्षांतच त्या नियमाला भोकं पाडली गेली आणि तो टिकवायला लोकांना पुन्हा झगडावं लागलं. आज कायदा दिवसाला आठ तास सांगतो. पुढे सरासरी भरून निघणार असेल तर दहा, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये सलग अकरा तासांची विश्रांती. यावरही इथे कुरकुर आहेच. चान्सलर मेर्त्स यांनी मे 2025 मध्ये उद्योजकांच्या एका मेळाव्यात सांगितलं की चार दिवसांच्या आठवड्याने देशाची समृद्धी टिकणार नाही. म्हणजे वाद दोन्हीकडे आहे, आणि 'तुम्हाला परवडतं' हे वाक्य इथल्या कामगारालाही कुणी म्हणत नाही.

मला जास्त लागतं ते हे, की आपल्याकडे सुटी ही परदेशी चैन समजली जाते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती 10 जून 1890 रोजी. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांनी मांडल्याचं सांगतात. तेव्हाची मुंबई काय श्रीमंत होती? आणि आठवड्याचे कमाल तास 54 वरून 48 वर आले ते 1946 मध्ये. त्याच्या मागे मजूरमंत्री म्हणून बाबासाहेब आंबेडकर होते.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पहिली पाळी करून आले की गॅलरीत बसून पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापायचे, बोटाने एक थाप मारून बघायचे, थोडी खरवडायचे, पुन्हा थाप. तेवढं होईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. गुरुवारी भजन. पावसाळा सरला की कामगार कल्याण केंद्रात नाटकाच्या तालमी. त्यांना पोस्टमन, फौजदार असल्याच भूमिका मिळायच्या, पण सगळ्यांचे संवाद त्यांना पाठ असत. गिरणगावातली भजनं, शाहिरी, कबड्डी, कामगार रंगभूमी हे सगळं गिरणी सुटल्यावरच्या तासांत उभं राहिलं. नव्वद तासांच्या हिशेबात यातलं काय बसलं असतं?

इथे हाच वेळ लोक बागेत घालवतात. शहराच्या कडेला भाड्याने मिळणारे हे जमिनीचे तुकडे. 1983 च्या कायद्याने जास्तीत जास्त 400 चौरस मीटर, आणि कोर्टाच्या निकालानुसार त्यातल्या निदान तिसऱ्या हिश्श्यात फळं-भाज्या लावायच्याच. लाइपझिगमध्ये 1865 मध्ये मुलांना खेळायला मैदान केलं, पुढे कडेला त्यांच्यासाठी वाफे आखले. मुलांचा उत्साह ओसरला आणि आईबापांनी खुरपी उचलली, तिथून हे पसरलं. माझ्या शेजारच्या वाफ्यातले आजोबा आयुष्यभर लेथवर होते. दोन खुंट्यांना सुतळी ताणल्याशिवाय ते बी टाकत नाहीत. मी आईसारखी मेथी फोकून पेरली तेव्हा ते कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत उभे राहिले. पुढच्या वसंतात त्यांनी मूठभर दाणे मागून नेले, आणि सुतळीवर पेरले.

सगळं गोजिरवाणं आहे असं मात्र नाही. शनिवारी संध्याकाळी ही मंडळी शेगडी पेटवतात, तेव्हा पलीकडच्या रस्त्यावरून पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन सायकल मारणाऱ्यांत आपली शिकायला आलेली मुलं असतात. आणि बाईच्या घरकामाचे तास इथेही कुणी कार्डावर पंच करत नाही. मूर्तींच्या 70 तासांवर आपल्याकडे एवढी चर्चा झाली, पण ते 70 तास करणाऱ्याचा डबा कोण भरणार हे फार थोड्यांनी विचारलं. विरारहून चर्चगेटला लोंबकळत जाणारीला तर प्रवासाचे तीन तास कुठल्याच रकान्यात मिळत नाहीत.

आजोबांचा पखवाज भावाकडे आहे. लहानपणी तोच शिकला होता, माझा हात कधी बसला नाही. गेल्या डिसेंबरात मी पुण्याला गेले तेव्हा तो कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. वाद्या सैल पडल्या होत्या, एका बाजूची चामड्याची पुडी फाटली होती. रविवारी दोघांनी जाऊन पुडी बदलून आणायची ठरलं. रविवारी सकाळी आम्ही तो चादरीसकट खाली उतरवला, भावाने गाडीची किल्ली घेतली आणि त्याला ऑफिसातून फोन आला.