पेवांची फिल्म आणि कोल्ड स्टोरेजची जाहिरात: ‘हरिपूरचा’ यांना उत्तर

काका, नमस्कार.

नावाच्या जागी तुम्ही फक्त ‘हरिपूरचा’ असं लिहिलंय आणि सत्तरी ओलांडल्याचं सांगितलंय, म्हणून काका म्हणतो. माझ्या मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया इतरांनी वाचली नसेल, तर ती थोडक्यात अशी: मी सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर माहितीपट करतोय आणि त्याच वेळी एका कोल्ड स्टोरेजच्या जाहिरातीचे पैसे घेतोय. ज्यांनी पेवं संपवली त्यांच्याच पैशांवर पेवांसाठी गळा काढायचा, ही दुकानदारी आहे. कलावंत व्हायचं तर कलावंत व्हा, नाहीतर सरळ धंदा करा, आणि पोरांना स्वतंत्र सिनेमाचे धडे देऊ नका.

आधी पेवांचं बोलू, कारण तिथं मला तुमचं म्हणणं पटत नाही. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. हळद भरून वरून मातीनं तोंड बंद केलं की माल वर्षानुवर्षं टिकायचा. हरिपूरची माती त्याला साथ द्यायची. पेव उघडलं तरी लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ही व्यवस्था मोडली ती २००५ च्या महापुरात. कृष्णा-वारणेचं पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, पेवं ढासळली. पुढं २०१९ आणि २०२१ ला पुन्हा पाणी आलं. त्यातच गोदामाच्या पावतीवर बँक कर्ज देते, जमिनीखाली पुरलेल्या मालावर द्यायला ती तयार नसते. आत उतरणाऱ्यांची पुढची पिढी त्या कामाला राजी नव्हती, आणि का असावी? कोल्ड स्टोरेज या सगळ्यानं झालेल्या पोकळीत आलं. पेवं त्यानं मारली असं माझ्या फिल्ममध्ये दाखवलं, तर ऐकायला चटकदार होईल, पण खोटं होईल. फिल्ममध्ये एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांनी उमेदीत पेवं भरली, आज त्यांचा मुलगा कोल्ड स्टोरेजमध्ये पोती लावतो. त्या घरात या दोन गोष्टींचं वैर नाही. मी ते कुठून आणू?

आता पैशाचं. जाहिरातीच्या पैशानं काम बाटतं असं तुम्ही गृहीत धरलंय. किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं कारखाना उभारला. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवायचे होते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते कारखान्याचं पत्रक म्हणून. स्वतः चित्रकार, जाहिरातीचं काम त्यांच्याकडे. त्या पत्रकाचं पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध तिथं छापले गेले, बायकांच्या जगण्याबद्दल मराठीत उघड लिहिलं-बोललं जाऊ लागलं त्यात ‘स्त्री’चा वाटा मोठा. माझ्या आजीच्या ट्रंकेत त्याचे अंक होते. ते वाचताना हे एका नांगराच्या कारखान्यातून आलंय म्हणून कमअस्सल, असं तिच्या मनातही आलं नसेल.

सिनेमाचंही तेच. सत्यजित राय १९४३ पासून कलकत्त्याच्या एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते आणि नोकरी न सोडताच त्यांनी पहिला चित्रपट करायला घेतला. श्याम बेनेगल जाहिरातीतूनच आलेले. त्यांच्या ‘अंकुर’ची गोष्ट कैक वर्षं निर्मात्याच्या शोधात होती. शेवटी पैसे घातले ते ब्लेझ कंपनीनं, जिचा धंदा थिएटरांत जाहिरातपट पुरवण्याचा. १९७४ साली चित्रपट आला आणि समांतर सिनेमाला बळ मिळालं. साबणाच्या, तेलाच्या जाहिरातींतून जमलेला पैसा होता तो. ही नावं मी माझी उंची वाढवायला घेत नाही. पैशाची वाट कुठून येते आणि ती माणसाला कुठं नेऊ शकते, एवढंच दाखवायचंय.

कारण दुसरी वाट कोणती आहे, सांगा. मराठी चित्रपटाला शासनाचं अनुदान आहे, पण ते चित्रपट पूर्ण होऊन, प्रमाणपत्र मिळून, परीक्षण झाल्यावर. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याचं भाडं, जेवण, गाडीचं डिझेल कुणी द्यायचं? माहितीपटाला तर थिएटरही नाही. महोत्सवाला पाठवायचा तर बऱ्याच ठिकाणी प्रवेश फी आपणच भरायची. जमीन विकून चित्रपट काढलेली माणसं मला भेटलीत. त्यांच्या हिमतीला मी हात जोडतो, पण विशीतल्या पोराला ‘तू बापाचं शेत वीक’ असं मी सांगणार नाही. म्हणून मी शिबिरात पोरांना शॉट लावायला शिकवतो आणि कोटेशन लिहायलाही. अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका. बिल केलं की पुढच्या महिन्यात जीएसटी भरायचाच असतो, पार्टीनं पैसे दिवाळीनंतर दिले तरी. रॉ फुटेज, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, कुणाचं, हे आधी कागदावर आणा. तुम्हाला हे धंद्याचे धडे वाटले. सांगलीत राहून, मुंबईला न जाता, पुढची फिल्म करता यावी म्हणून हे शिकवावं लागतं.

आणि जाहिरातीनं मला फक्त पैसे दिलेत असंही नाही. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी हळकुंड मोडून आतला रंग बघतात, तो कसा बघायचा, हे मी एका व्यापाऱ्याची फिल्म करताना शिकलो. हमालांची ओळख तिथलीच. पेवात उतरलेली माणसं मला त्यांनीच दाखवली. नुसता कॅमेरा घेऊन ‘माहितीपट करतोय’ म्हणत गेलो असतो तर कुणी दारात उभं केलं नसतं.

तरी तुमच्या प्रतिक्रियेतली एक गोष्ट मला सोडवत नाही: ज्याच्याकडून पैसे घेतो त्याच्याविरुद्ध दाखवायची वेळ आली तर? हा प्रश्न खरा आहे. म्हणून काही नियम मी पाळतो. पेवांच्या फिल्मसाठी म्हणून हळदीच्या धंद्यातल्या कुणाचाही थेट रुपया घेतलेला नाही. माझ्या जाहिरातीच्या कामातून शिल्लक राहतं त्यातून ती होते. एका गिऱ्हाइकानं ‘सगळा खर्च मी करतो, शेवटी आमचं शीतगृह आणि बोर्ड तेवढा दाखवा’ असं सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. त्यानंतर त्यांच्याकडून जाहिरातीचं काम आलं नाही, आणि ते मी धरूनच चाललो होतो. जाहिरातीत शेवटचा शब्द गिऱ्हाइकाचा असतो, तो मी मानतो. लोगो मोठा हवा तर मोठा करून देतो. फिल्मच्या एडिटिंगच्या टेबलावर मात्र कुणाला बसू देत नाही. ज्यांना शूटिंगसाठी कामावरून थांबवतो त्यांना त्या दिवसाची हजेरी देतो, पण काय बोलायचं ते सांगत नाही.

या जगण्याची किंमत आहे, आणि ती तुम्ही लिहिली त्याहून वेगळी आहे. नवी हळद यार्डात येते, बेदाणा वाळायला पडतो, तेच महिने माझ्या गिऱ्हाइकांच्या घाईचे. तेव्हाच मला शेतात, यार्डात, हरिपुरात असायला हवं. एक हंगाम हुकला की फिल्म वर्षभर मागं पडते, आणि तेवढ्यात बोलणारं माणूस निघून जातं. तसं झालंय. धंदा मन विकत घेत नाही काका, वेळ घेतो. तो वाचावा म्हणून यंदापासून रील्सचं सगळं काम मी ऑफिसातल्या मुलींवर सोपवलंय. त्या माझ्यापेक्षा चांगलं करतात.

तुम्ही शेवटी विचारलंय, फिल्ममध्ये कोल्ड स्टोरेज आहे का. आहे. तिथं कामाला असलेल्यांची मजुरी किती आणि आत किती थंडीत उभं राहावं लागतं, हेही आहे. त्याची जाहिरात करणाऱ्या माणसानंच ते ठेवलंय.

एडिटिंग अजून चालू आहे. पेव भरताना कडेनं काय लावायचे, कोण लावायचं, मजुरी कशी ठरायची, याबद्दल मला दोन माणसांकडून दोन वेगवेगळ्या गोष्टी कळल्यात. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलं असेल, तर या रविवारी मी हरिपुरात येतो. संगमेश्वराच्या देवळाजवळ भेटू, रेकॉर्डर बरोबर आणीन.