काकू, मॉलीला मी का हसले

नमस्कार काकू,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, तिसऱ्यांदा शेवटच्या ओळीपाशी अडकले. इतरांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या 'सुपरमॉम मॉली' या लेखावर सांगलीच्या काकूंचं म्हणणं असं: अमेरिकेतल्या युटा राज्यात राहून, तिथल्याच माणसांचं मीठ खाऊन, आठ मुलं वाढवणाऱ्या एका मॉर्मन (हा तिथला एक ख्रिस्ती पंथ) बाईची मी टवाळी केली. कोणा अमेरिकन बाईने आपल्या हळदीकुंकवावर असं लिहिलं असतं तर मी खपवून घेतलं असतं का? आणि शेवटी, 'माझ्या आईला आम्ही सात. तिलाही हसणार का?'

शेवटचं आधी घेते. नाही हसणार. माझ्या आजीला सहा होती. तिच्या भिंतीवर रंगीत खुणांचा कामाचा तक्ता नव्हता. थोरलीच्या कडेवर धाकटं, एवढंच काय ते नियोजन. मुलांना मारून-मुटकून वाढवताना 'बघा मी कशी वाढवते' असं तिने शेजारणीला कधी ऐकवलं नाही, कारण शेजारणीला सात होती. कौतुक करायला रिकामं होतं कोण?

पण तुमच्या प्रश्नाने एक काम केलं. 'नववं होण्याआधी हिला कोणीतरी कालनिर्णय भेट द्या' हे वाक्य मी लेखातून काढून टाकलं आहे. किती मुलं हा तिचा प्रश्न. ते लिहिताना मला विनोद सुचला नव्हता, नुसती टाळी हवी होती. ते वाक्य चुकलंच.

बाकीचा लेख मात्र तसाच राहील, आणि का ते सांगते.

'मॉली' हे नाव माझं नाही. 'मॉली मॉर्मन' हा शब्द त्यांच्यातलाच आहे, त्यांच्याच बायका एकमेकींना चिडवायला वापरतात. घरी दळलेल्या गव्हाचा पाव, सोमवारची कौटुंबिक संध्याकाळ एकदाही न चुकलेली, नाताळच्या फोटोत दहाही जण एकाच निळ्यात, आणि चेहऱ्यावर ते 'तुझं कसं चाललंय, बिचारी' हसू, ती मॉली. (पुरुषांसाठीही नाव आहे, 'पीटर प्रीस्टहुड'. त्याच्यावर लिहायचं बाकी आहे.) माझ्या लेखातली मॉलीही एक बाई नव्हे, पाचसहा जणींची शिवलेली गोधडी आहे.

'मॉर्मन' म्हणू नये, चर्चचं पूर्ण नाव घ्यावं, असं त्यांच्या चर्चच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी 2018 मध्ये सांगितलं, हे मला ठाऊक आहे. पण 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे उखाण्यातसुद्धा बसत नाही हो.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबर 2007 मध्ये त्यांच्या महाअधिवेशनात ज्युली बेक यांचं आयांवर एक भाषण झालं. त्या तेव्हा 'रिलीफ सोसायटी'च्या अध्यक्षा होत्या. ही बायकांची संस्था 1842 ची, म्हणजे चर्च स्थापन झाल्यावर बारा वर्षांतली. बेकबाईंचं म्हणणं, आपल्या बायका जगातल्या सर्वांत उत्तम गृहिणी असायला हव्यात. जगातल्या गरिबातल्या गरीब ठिकाणी धुळीतून मैलोन् मैल चालत प्रार्थनेला येणाऱ्या आयांचं त्यांनी कौतुक केलं: मुलींचे फ्रॉक इस्त्रीचे, केस चापूनचोपून, मुलगे पांढऱ्या शर्टात. यावर उठलेलं वादळ माझ्यासारख्या चहाबाज परकीने उठवलेलं नव्हतं. त्यांच्याच शेकडो बायकांनी सह्या करून जाहीर उत्तर दिलं. चर्चमध्ये जाणाऱ्या, मुलंबाळं असलेल्या बायकाही होत्या त्यात. मला आवडलं ते हे, की इस्त्रीवरून भांडण पेटलं. देवावरून नाही.

आणि का पेटणार नाही? तिथे अकरा-बारा वर्षांचा मुलगा पुरोहितपणाच्या पहिल्या पायरीवर चढतो आणि रविवारी साऱ्या सभेत प्रसादाचा पाव फिरवतो. त्याच्या आईला ती पायरी जन्मभर नाही. वॉर्डचा बिशप, म्हणजे प्रमुख, पुरुष, त्याच्या वरचा पुरुष, पार वरचेही पुरुषच. (वॉर्ड म्हणजे त्यांची वस्तीवार विभागणी, मला दरवेळी नगरसेवक आठवतो.) 1995 च्या कुटुंबविषयक जाहीरनाम्यात तर लिहूनच ठेवलंय, मुलांचं संगोपन मुख्यतः आईचं. मग कर्तबगार, हुशार, जरा चढाओढीच्या स्वभावाच्या बाईने करायचं काय? ती पावाच्या पिठात पीएचडी करते. आठ मुलांचं वेळापत्रक एखाद्या रेल्वे स्थानकासारखं चालवते. आणि जिला दोनच मुलं आहेत, जिच्या मुलाने मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जायला नकार दिला, तिच्याकडे बघून मान किंचित तिरकी करते. त्या तिरक्या मानेवर मी लिहिलं काकू, तिच्या कुशीवर नाही.

याच गावात, सॉल्ट लेक सिटीत, 1896 साली मार्था ह्यूज कॅनन नावाची डॉक्टर राज्याच्या सिनेटवर निवडून आली होती. अमेरिकेत राज्याच्या सिनेटमध्ये पोचलेली पहिली स्त्री. त्याच निवडणुकीत तिचा नवराही उभा होता आणि तो पडला. तो सहा बायकांचा दादला, ही चौथी. मॉलीच्या दिवाणखान्यात पूर्वजांच्या तसबिरी खूप आहेत, पण मार्थाबाईंसारखी एकही मला दिसली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

हळदीकुंकवाचं म्हणाल तर लिहा ना! कोणी अमेरिकन लिहीत नसेल तर मीच लिहीन. आपल्याकडे मॉली काय कमी आहेत? वाणाला गेल्या वर्षीपेक्षा मोठा डबा, सोवळ्यात केलेला एकवीस मोदकांचा नैवेद्य, मुलगा आयआयटीत, आणि वर 'मी काही विशेष करत नाही हो'. माझी सख्खी मावशी आहे तशी. तिच्यावर लिहिलेला लेख आईने छापू दिला नाही.

मीठ खाल्ल्याचं मात्र कबूल. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ज्या शेजारणीचे सर्वांत जास्त तुकडे त्या गोधडीत आहेत, तिने दहा दिवस जेवण पाठवलं. बटाटे, चीज आणि वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स असा एक भाजलेला प्रकार असतो, त्याला ते चक्क 'अंत्यविधीचे बटाटे' म्हणतात. पित्ताशय काढलेल्या बाईसाठी चीज, पण भावना पोचली. त्यांना चहा-कॉफी वर्ज्य, म्हणून मी तिला गवती चहा, आलं, वेलची उकळून देते. त्यात चहापत्ती नाही, तेव्हा ते चालतं. तीच बाई मुलांना घेऊन कोकमध्ये नारळाचं सिरप आणि क्रीम घातलेले बादलीएवढे पेले पिते, ते मात्र पुण्य.

आणि तुम्ही विचारलंत, 'तिला मराठी येत असतं तर हे लिहायची हिंमत झाली असती का?' काकू, लेख टाकायच्या आधी मी तो त्या शेजारणीला इंग्रजीत वाचून दाखवला होता, स्वयंपाकघरात, कालनिर्णयच्या ओळीसकट. त्या ओळीला ती हसली नाही, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं. तळघरात वर्षभराचा शिधा साठवण्याच्या भागाला मात्र खो खो हसली. मी सांगितलं, आमच्याकडेही उन्हाळ्यात गव्हाला एरंडेल लावून वर्षाचं भरून ठेवतात, तर तिने कृती लिहून घेतली. एक दुरुस्ती तेवढी सुचवली. तिच्या तळघरात गव्हाच्या बादल्या चौदा नाहीत, बावीस आहेत. ती मी आज केली आहे.