"एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपसच" म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. मुलीचा एएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रावर उठणाऱ्या अँटीबॉडी शोधायची रक्ततपासणी) १:१६० पॉझिटिव्ह आलाय, लॅबमधल्या पोरानं सरळ ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते तो आजार) म्हणून सांगितलं, आणि मी डॉक्टर नसताना "एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे" असं लिहून लोकांना गाफील ठेवतेय असं तुमचं म्हणणं. डॉक्टर नाहीच मी, ल्युपसची पेशंट आहे, नऊ वर्षं खानापूर-बेळगाव बसनं रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन जाणारी.

खरं ते वाक्य मागं घेणार नाही. १:१६० म्हणजे काय, तर सीरम (रक्ताचं वरचं पाणी) पातळ करत जातात, ४०, ८०, १६०, दरवेळी दुप्पट, ताकात पाणी घालत जायचं आणि आंबटपणा कुठवर लागतो बघायचं तसंच की. धडधाकट माणसांतसुद्धा १:४० ला शंभरात पंचवीस-तीस जण पॉझिटिव्ह निघतात, १:१६० ला पाचेक. थायरॉईडवाल्यांचा येतोय, काही गोळ्यांनीपण येतोय. ल्युपसच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १:८० ही नुसती आत शिरायची अट, पुढं १० गुण जमावे लागतात. अँटी-डीएसडीएनए किंवा अँटी-स्मिथ (ल्युपसच्या जास्त खास अँटीबॉडी) आला तर ६, सी३ आणि सी४ (रक्तातली प्रतिकाराची प्रोटीनं) दोन्ही कमी असले तर ४, आणि एवढं जमलं तरी ताप, सांधे, चट्टे, किडनी असलं काहीतरी सोबत लागतंयच, नुसत्या अँटीबॉडीवर भागत नाही.

एका बाबतीत मात्र तुम्ही बरोबर. मागचा अख्खा लेख रक्तावर लिहिला आणि लघवीला एक ओळ दिली. माझंच त्यात चुकलेलं, सहा महिने सांधेदुखीच्या गोळ्या खाल्ल्या, लघवीला फेस यायचा खरं लाजेनं कुणाला बोलले नाही, शेवटी प्रोटीन निघालं आणि मग किडनीची बायॉप्सी. किडनी दुखत नाही हो, गुपचूप बिघडते.

म्हणून विचारते, मुलीची लघवी तपासली काय? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायची रक्ततपासणी), बीपी? नसेल तर एएनए परत परत करण्यात पैसे घालू नका, तो वरखाली झाला म्हणून आजार वाढला-कमी झाला असं कळत नाही, त्याला डीएसडीएनए आणि सी३-सी४ बघतात. (ईएसआर आणि सीआरपी दोन्ही अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, त्यात ईएसआर वाढलेला आणि सीआरपी नॉर्मल असं दिसलं तर लॅबची चूक म्हणू नका, ल्युपसमध्ये बरेचदा असंच असतं.) रुमॅटॉलॉजिस्टकडं (सांध्यांचे आणि ल्युपससारखे आजार बघणारे डॉक्टर) जाताना रिपोर्टची सगळी पानं न्या, आणि उन्हात गाल लाल होतात काय, तोंडात फोड येतात काय, सकाळी बोटं आखडतात काय हे आदल्या रात्रीच मुलीला विचारून कागदावर उतरवा, आत गेल्यावर निम्मं विसरतंय माणूस.