आकाशकंदील: मुलांचा हात न लागू देता करण्याची पद्धत

दिवाळीची सुट्टी लागली की शाळेच्या ग्रुपवर ‘पालक-पाल्य उपक्रम’ येऊन पडतो. घरी आकाशकंदील करा, फोटो पाठवा. नावात दोघेही आहेत म्हणून गोंधळून जाऊ नका. पाल्य फोटोपुरता लागतो, बाकी सगळं तुमच्यावर आहे. कंदील वाकडा झाला तर समोरच्या विंगमध्ये नाव तुमचंच निघणार, सहा वर्षांच्या पोराचं नाही.

कंदील पारंपरिकच घ्या. त्याला 24 काड्या लागतात, सगळ्या एका मापाच्या. प्रत्येकी 20 सेंटीमीटर घेतल्या तर कंदिलाचं अंग साधारण 28 सेंटीमीटर उंच होतं. काड्या बांबूच्या हव्यात. खराट्याचे हीर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतात, त्यामुळे सगळा सांगाडा कलतो. काड्या कापायचं काम मुलाला देऊ नका. तो पहिलीवर दुसरी ठेवून कापेल, दुसरीवर तिसरी, तिसरीवर चौथी. दर वेळी केसभर चूक पुढे सरकेल आणि चोविसावी काडी पहिलीपेक्षा बोटभर लांब निघेल. इथपर्यंत ठीक आहे. पण मग तो दोन्ही काड्या शेजारी धरून बघत बसेल, आणि सगळ्या काड्या पहिलीवरच मोजायला हव्या होत्या हे त्याला आपलं आपण कळेल. एवढी जोखीम कशाला? तो झोपल्यावर कापून ठेवा. काचपेपरही तेव्हाच मारा, बोटात कूस जायला नको.

सकाळी चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे. दोरा सुती, आठच्या आकड्यात फिरवून घट्ट गाठ. इथे मुलाला फार वेळ जवळ बसू देऊ नका. बांधलेला चौकोन तो दोन कोपऱ्यांना धरून दाबणार, चौकोन पतंगासारखा चपटा होणार, आणि हे त्याला भयंकर आवडणार. लगेच ओरडा. नाहीतर तो उरलेल्या तीन काड्यांचा त्रिकोण बांधून तोही दाबून बघेल, आणि त्रिकोण काही केल्या दबत नाही म्हणून तुमच्याकडे बघेल. ‘का?’ या प्रश्नाला कंदिलाच्या वेळापत्रकात जागा नाही. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून हेच हजारो मुलांच्या हाताने करवून घेतलं, ही माहिती त्याला एखाद्या व्हिडिओतून दाखवता येईल. व्हिडिओला दोरा लागत नाही.

आता जोडणी. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा, मधले चार टोकावर उभे. वरच्या चौकोनाचे चार कोपरे उभ्या चौघांच्या वरच्या टोकांना, खालचे चार खालच्या टोकांना, आणि उभे चौघे शेजाऱ्याच्या टोकाला टोक. एकूण 12 गाठी. शेवटच्या दोन-तीन गाठी पडेपर्यंत सगळं लुळं पडलेलं असतं. बरेच बाबा याच टप्प्यावर ‘काहीतरी चुकलंय’ म्हणून सगळं सोडतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. काही चुकलेलं नसतं. बारावी गाठ बसली की मघाच्या दबणाऱ्या चौकोनांमध्ये त्रिकोण तयार होतात आणि सांगाडा आपल्या आकारात उभा राहतो. हा क्षण बघण्यासारखा असतो, म्हणून तेव्हा मुलाला दूध प्यायला आत पाठवा.

परत आल्यावर तो त्रिकोण मोजेल. आठ निघतील, आणि ते कोणीच बांधलेले नाहीत हे त्याला चमत्कारिक वाटेल. त्याला मोजू देऊ नका, तुम्हीच सांगून टाका: कोपरे 12, काड्या 24, बाजू (सहा चौकोन आणि आठ त्रिकोण) 14; कोपऱ्यांत बाजू मिळवून काड्या वजा केल्या की 2 उरतात, याला ऑयलरचं सूत्र म्हणतात, पाठ कर. घनालाही हेच लागू पडतं का, असं त्याने विचारलंच तर खडूचा डबा लपवा.

खळीबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. दोन मोठे चमचे मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवा आणि मग दीड वाटी उकळत्या पाण्यात धार धरून ओता, ढवळणं थांबवू नका. मैदा थेट गरम पाण्यात टाकला की त्याचं वरचं आवरण लगेच शिजतं, आतला कोरडाच राहतो आणि गुठळ्या होतात. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवा, पूर्ण गार होऊ द्या. जुने लोक झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी आहे. घातलंत तर मुलाला लांब ठेवायला एकदाचं खरं कारण मिळेल.

कागद पतंगाचा. सांगाडा त्यावर टेकवून पेन्सिलीने रेघ मारा, बाहेर बोटभर जागा सोडून कापा. उभे चार चौकोन आणि आठ त्रिकोण, म्हणजे 12 तुकडे. वरची आणि खालची चौकट उघडी राहते. खळ काडीला लावायची, कागदाला नाही. मूल कागदाला लावणार, तो भिजणार आणि उचलताना त्यात बोट आरपार जाणार. अशा वेळी ‘बघ, म्हणून सांगत होते’ हे वाक्य तयार ठेवा. ठिगळ लावू देऊ नका, ठिगळातून उजेड गडद दिसतो आणि मग त्याला मुद्दाम ठिगळांची नक्षी करावीशी वाटते.

झिरमिळ्या हा मुलांना देण्याजोगा एकमेव भाग, असं सगळे समजतात. चूक. कागदाच्या पट्टीची घडी घालून कात्री चालवायची, वरची तीन बोटं सोडून. मूल नेमकं ती तीन बोटं विसरतं, शेवटपर्यंत कापतं, आणि घडी उलगडली की मांडीवर सुट्ट्या रंगीत फिती पडतात. त्या फिती घेऊन ते तासभर दुसरंच काहीतरी करत बसतं. तासभर! उपक्रमात तसं कुठेही लिहिलेलं नाही.

दिवा एलईडीच लावा, सात वॅटचा पुरतो. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब कागदाच्या जवळ आला की कागद तपकिरी पडतो, कधी पेटतोही. वरच्या चौकटीवर आडवी काडी बांधून होल्डर तिला अडकवा आणि कंदिलाचं वजन चार कोपऱ्यांच्या सुतळीवर येऊ द्या, वायरवर नको. परतीचा पाऊस नरक चतुर्दशीलाही गाठतो, त्यामुळे छज्ज्याच्या आत टांगा. भिजला तर लाल रंग पांढऱ्या त्रिकोणांवर ओघळतो. मुलाला हा नवा कंदील जुन्यापेक्षा आवडू शकतो, तेव्हा तोवर फोटो झालेला बरा.

फोटोत मुलाला स्टुलावर उभं करा आणि हातात खळीचा ब्रश द्या. ब्रश कोरडा आहे ना ते बघून घ्या, नवे कपडे आहेत.